सुपरमोटोत एवढं आहे तरी काय?

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस जरा गोंधळतो. वरून मी मातीत उड्या मारणाऱ्या मोटारसायकलीसारखी दिसते. उंच, सडपातळ, रुंद हँडलची, पुढचं मडगार्ड पक्ष्याच्या चोचीसारखं. पण खाली पाहिलं तर चाकं लहान, टायर रुंद आणि गुळगुळीत, डांबरी सडकेवरचे. "हे असं काहून?" हा प्रश्न मी रायपूरच्या समता कॉलोनीत अनेकदा ऐकला आहे. माझ्यासारख्या गाडीला सुपरमोटो म्हणतात. वय सात वर्षं. माणसात हे पोरवय असेल, पण मोटारसायकलीत मी आता जुनी झाले.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी सुपरमोटो नव्हतेच. माझं पुढचं चाक मोठं होतं, टायरांना जाड रबरी गठ्ठे होते, आणि मला नाले-टेकड्या ओलांडायच्या आहेत असं मला वाटत होतं. मग लोकेशने मला घरी आणलं. लोकेश तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, एका पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करायचा. त्याने मला पुरानी बस्तीतल्या यशदीपच्या गॅरेजमध्ये नेलं. यशदीप म्हणजे हात काळे, बोलणं कमी आणि कान तीक्ष्ण असा मिस्त्री. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून तो दुखणं ओळखायचा. त्याने माझी दोन्ही चाकं काढून लहान चाकं बसवली, पुढच्या ब्रेकची मोठी तबकडी लावली, शॉकअप कडक केले. आठ दिवस मी अर्धी मातीची, अर्धी सडकेची अशी स्टँडवर उभी होते. मी विचार करत होते, मग आता मी कोण?

याचं उत्तर नवा रायपूरच्या मोकळ्या सडकांवर मिळालं. पहिल्या वळणावर लोकेशने मला आडवं झुकवलं आणि स्वतः मात्र सरळ बसून राहिला. आतल्या बाजूचा पाय त्याने पुढे काढला. मी हलकी, हँडल रुंद, त्याने मनात आणलं की मी वळलेच. वळणातून बाहेर पडताना इंजिनाने असा जोर दिला की पुढचं चाक क्षणभर जमिनीवरून उठलं. हेल्मेटच्या आत लोकेश हसत होता. मला तो आवाज फार नवलाचा वाटला. माणसाला पडायची एवढी भीती असते, मग पडता पडता राहण्यात त्याला एवढा आनंद का होतो? मी तेव्हापासून हाच विचार करते आहे.

माझे दोषही सांगते, लपवून काय करू? माझी टाकी एवढीशी. आरंगच्या सडकेवर दोनदा पेट्रोल संपलं आणि लोकेशने भर उन्हात मला ढकलत नेलं. माझं शीट अरुंद आणि कडक. लांबच्या रस्त्यावर माझं एकच सिलिंडर असं थरथरतं की उतरल्यावर लोकेशची बोटं बधिर व्हायची. वारा अडवायला समोर काच नाही, पिशवी अडकवायला कुठे जागा नाही, आणि ऑइल तर मला सारखंच बदलून लागतं. माझ्या गुळगुळीत टायरांना स्वच्छ, कोरडी सडक हवी. माती, रेती, सांडलेला दाणा यांच्यावर ते काहीच धरून ठेवू शकत नाहीत.

लोकेशची आई, कलावतीताई, रेल्वेच्या ऑफिसात होत्या. तरुणपणी त्या रेल्वेच्या संघातून व्हॉलीबॉल खेळायच्या, खेळावरच नोकरी लागली होती. चांगल्या उंच, ताठ बाई. लोकेशचे बाबा गेल्यावर दोघंच घरात. एकदा लोकेशने त्यांना माझ्यावर मागे बसवून गोल बाजारला नेलं. उतरल्यावर त्या कंबर धरून म्हणाल्या, "अरे, हे शीट आहे का पोळपाट? वापस मी रिक्षानं येईन. तुले का दिसते रे हिच्यात?"

"मम्मी, वो समझाने की चीज़ नहीं है," लोकेश हसत म्हणाला. आई मराठीत बोलायची आणि तो हिंदीत उत्तर द्यायचा, त्यांचं असंच चालायचं.

मग तो नोव्हेंबर आला. धान कापून झालं होतं. नवा रायपूरच्या पलीकडे, गावाच्या वळणावर, लोकांनी अर्ध्या सडकेवर धान वाळायला पसरलं होतं. लोकेशला ते वळण पाठ होतं, पण त्या दिवशी तिथे धान आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने नेहमीसारखा मागचा ब्रेक दाबला, मागचं चाक घसरत बाजूला घेतलं, पाय पुढे काढला आणि मला झुकवलं.

टायरांखाली दाणे आले. मी धरायला पाहिलं, पण धरण्यासारखं काही नव्हतंच. मी आडवी पडले आणि घसरत गेले. समोर एक बाई लाकडी दाताळ्याने धान पसरत होत्या. त्या बाजूला झाल्या, पण पुरत्या नाही. माझ्या हँडलचं टोक त्यांच्या घोट्यावर बसलं. मित्रांनो, माझं पत्र्याचं अंग आहे, पण तो आवाज मला अजून आठवतो.

लोकेश दूर पडला होता. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पण गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. तो उठायला लागला तेव्हा त्या बाई जमिनीवर बसल्या-बसल्या, स्वतःचा पाय दोन्ही हातांनी धरून छत्तीसगढीत ओरडल्या, "झन उठ, बइठे रह! जादा लागिस का, बाबू?" म्हणजे, उठू नकोस, बसून राहा, जास्त लागलं का? त्यांचं नाव अंजनाबाई.

अंजनाबाईंच्या घोट्याला प्लास्टर लागलं. कलावतीताई दोनदा त्यांच्या गावी गेल्या, त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या. लोकेश गेला नाही. आधी म्हणाला हात गळ्यात आहे, मग म्हणाला सुट्टी नाही. मग त्याने काही म्हणणंच सोडून दिलं.

मी घराच्या बाजूच्या गल्लीत जुन्या चादरीखाली उभी राहिले. एका बाजूचा पत्रा खरवडलेला, हँडल किंचित वाकलेलं. चेनवर गंज चढला, बॅटरी उतरली. एका कुंभारीण माशीने माझ्या सायलेंसरच्या तोंडात मातीचं घर बांधलं. ती चिखलाचा एकेक गोळा आणायची, लावायची, पुन्हा उडून जायची. मला तेवढंच पाहायला होतं. लोकेश रोज माझ्या बाजूने जायचा. चादर हलली तरी मान वळवायचा नाही. मला राग नाही आला, पण त्याला माझी भीती वाटते की स्वतःची, हे मला जाणून घ्यायचं होतं.

उन्हाळा लागता लागता एका सकाळी मी त्याला ओसरीवर बोलताना ऐकलं. "मम्मी, गाड़ी बेच रहा हूँ. इतवार को एक आदमी देखने आएगा."

कलावतीताई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "विक. पण विकायच्या आधी मले सांग, असं का आहे हिच्यात? ज्याच्यापायी माह्या पोराचं हाड मोडलं, एका बाईचा पाय मोडला, ते का आहे?"

"बोला ना, समझा नहीं सकता."

"मंग मीच चालवून पाहीन."

लोकेश हसला. मग त्याला दिसलं की आई हसत नाही.

"आप? बावन साल में?"

"काहून? नागपूरले असताना मी टीममधल्या पोट्ट्यायच्या गाड्या चालवल्या आहेत. लायसन आहे माह्यापाशी. अन् पाय तर तुह्यापेक्षा जास्त टेकतात माहे."

दुसऱ्याच दिवशी यशदीप आला. "जय भीम, काकू," म्हणाला आणि चादर काढून कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिला. माशीचं घर रिकामं झालं होतं, ते त्याने हळूच काढलं. शिळं पेट्रोल उपसलं, बॅटरी बदलली, हँडल सरळ केलं, चेन घासून तेल दिलं. इंजिन धडधडलं तेव्हा मला कळलं की मी अजून आहे.

शहराबाहेर छोट्या शर्यतीच्या गाड्यांचा एक बंदिस्त ट्रॅक आहे. मला छोटा हत्ती टेम्पोत दोऱ्यांनी बांधून तिथे नेलं. सकाळची वेळ, सडक झाडून घेतलेली, समोरून येणारं कोणी नाही. कलावतीताईंनी लोकेशचं जाड जॅकेट घातलं, गुडघ्यांना पॅड बांधले, हेल्मेट चढवलं. लोकेश लांब उभा होता.

"लांबून का शिकवशील? इकडं ये," त्या म्हणाल्या.

तो आला. पाच महिन्यांनी त्याचा हात माझ्या टाकीवर पडला.

"मम्मी, हैंडल कस के मत पकड़ो," तो सांगू लागला. "कोहनी बाहर. गाड़ी को झुकाना है, खुद को नहीं. आप सीधी बैठो."

पहिल्याच वेळी इंजिन बंद पडलं. दुसऱ्या वेळी मी अशी झेपावले की ताई "अवं माय!" म्हणून ओरडल्या. पहिली फेरी आम्ही सायकलीच्या वेगाने केली. दुसऱ्या फेरीत एका वळणावर मी त्यांच्यासकट आडवी झाले, अगदी हळू. लोकेश धावत आला, चेहरा पांढराफटक. ताई उठल्या, पँट झटकली, म्हणाल्या, "हाड शाबूत आहे. सरक."

चौथ्या फेरीत त्यांचे हात सैल झाले. मला ते लगेच समजलं. त्यांनी मला वळणात ढकललं आणि मी झुकले, पुरती, जशी मला झुकायला आवडते. त्या वर सरळ बसलेल्या. वळणातून सुटताना इंजिनाने जोर दिला आणि हेल्मेटच्या आतून हसू आलं. तेच, लोकेशसारखं. बावन्न वर्षांच्या बाईच्या तोंडून.

त्या थांबल्या. हेल्मेट काढलं, केस घामाने चिकटले होते.

"क्या हुआ?" लोकेशने विचारलं.

"मजा आहे रे," त्या म्हणाल्या. "खोटं काहून बोलू? लय मजा आहे. मले वाटलं होतं काही नसंल, मंग तुह्यावर चिडाले सोपं गेलं असतं." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "पण मजा तुही होती अन् पाय अंजनाबाईचा मोडला. हे तुले माहीत आहे, म्हणून तू हिले विकून राहिला. हिले विकून तो पाय तुह्या डोक्यातून जाईन का?"

लोकेश खाली बसला. माझ्या चाकाला पाठ टेकून रडला. मराठीत म्हणाला, "आई, मले तिच्यासमोर जायची भीती वाटते." मी त्याला मराठी बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

"मंग दोघं जाऊ."

रविवारी पाहायला येणाऱ्या माणसाला लोकेशने येऊ नका म्हणून कळवलं. त्या रविवारी तो आईला मागे बसवून माझ्यावरच अंजनाबाईंच्या गावी गेला. एवढ्या हळू मी कधीच चालले नव्हते. माझं इंजिन तापलं, पण मी तक्रार केली नाही.

अंजनाबाई अंगणात बसल्या होत्या. प्लास्टर निघालं होतं, पाय अजून सुजायचा. लोकेशने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "गलती मेरी थी," एवढंच तो म्हणाला. "पहले आना था मुझे."

"हव, आना रिहिस," त्या सरळ म्हणाल्या. यायलाच हवं होतं. मग त्याच्या खांद्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "हड्डी जुड़ गे?"

त्यांनी मला न्याहाळलं. म्हणाल्या, कुठल्याही गाडीचा आवाज आला की त्यांचा जीव अजून घाबरतो, त्या वळणावर त्या आता जातच नाहीत. मग त्या म्हणाल्या, "एक बेर उही मोड़ ले गाड़ी निकाल. मैं उहें खड़े रइहूँ." त्याच वळणावरून एकदा गाडी काढ, मी तिथेच उभी राहीन.

लोकेश नाही म्हणाला. कलावतीताईंनी अंजनाबाईंचा हात धरला आणि दोघी चालू लागल्या. एक उंच, एक बुटकी, लंगडत. दोघी वळणावर सडकेच्या कडेला उभ्या राहिल्या.

लोकेशने मला लांबून आणलं. वळणाआधी वेग कमी केला, दोन्ही पाय जागेवर ठेवले, हॉर्न वाजवला. मी जेमतेम झुकले. अंजनाबाईंनी कलावतीताईंचं मनगट घट्ट पकडलं होतं, पण त्या हलल्या नाहीत. त्यांच्यापासून चार हातांवर आम्ही थांबलो. त्यांनी पुढे होऊन माझ्या टाकीवर तळवा ठेवला.

"गरम हे," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या.

आता महिन्यातून एकदा मी छोटा हत्तीत बसून ट्रॅकवर जाते. तिथे लोकेश मला हवी तशी झुकवतो. कधी कलावतीताई चार फेऱ्या मारतात आणि मग दोन दिवस कंबर शेकत बसतात. सडकेवर मात्र मी साध्या गाडीसारखी चालते. माझी टाकी अजून लहानच आहे, शीट अजून कडकच आहे.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी माझ्यासारख्या एखादीवर बसाल. जरूर बसा, आनंद खरा आहे. हेल्मेट घाला, माझे टायर पाहा, चेनला तेल द्या. आणि मला झुकवायच्या आधी एवढं मनात विचारा, की या वळणापलीकडे कोण उभं असेल? मला पलीकडचं दिसत नाही. माझ्या दिव्याचा उजेड सरळ जातो, वळणातून वळत नाही. तिथवर तुमच्या मनालाच जावं लागतं.