गारवाबाबाच्या पाण्याचा आलेख

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. तापाने फणफणलेली माणसं खुर्च्यांवर कलंडली होती आणि गारवाबाबा एकेकाला भांड्यातलं पाणी पाजत होता. "ताप म्हणजे पापाचा धूर," तो डोळे मिटून सांगे, "मी आगच विझवतो." थोड्या वेळाने घाम फुटे, कपाळं गार पडत, लोक पायांवर लोळण घेत. मग चेले बजावत, आता थेट घरी जा, इथे रेंगाळू नका.

दाराशी जीवशास्त्र शिकणारी एक मुलगी उभी होती. तिच्या ताईने याच पाण्याच्या भरवशावर दवाखान्याची औषधं सोडली होती. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा, पुन्हा पाणी. आत रोग पसरतच राहिला आणि ताई गेली. श्रद्धा कमी पडली, असा बाबाने उलटा निरोप धाडला. त्या निरोपाने मुलीच्या अंगाची लाही झाली. याला उघडा पाडल्याशिवाय रडायचंही नाही, असं तिने ठरवलं.

वाट सापडली ती गणिताच्या तासाला. कलनशास्त्राशी, म्हणजे कॅल्क्युलसशी, तिचा छत्तीसचा आकडा. पेशी बघणाऱ्यांना ही कटकट कशाला, असं ती म्हणे. त्या दिवशी बाईंनी तापाच्या साध्या गोळीचा आलेख काढला. औषध रक्तात जितकं जास्त, तितकं झपाट्याने बाहेर पडतं. कमी उरलं की वेगही मंदावतो. आणि ते सरत आलं की ताप परत उसळतो. मुलगी फळ्याकडे बघतच राहिली. ताईच्या उशाशी थर्मामीटर घेऊन तिने हेच पाहिलं होतं. मग ती बाईंच्या मागेच लागली. आलेखाचा उतार काढायला शिकली, चुकली, खोडलं, पुन्हा मांडलं. ताप साधारण केव्हा परतेल, हे तिला आधीच सांगता येऊ लागलं. पाणी तपासायला दिलं, तर त्यात गोळीचीच पूड निघाली.

आज ती दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना सोबत घेऊन आली होती. ती दारात आडवी उभी राहिली.

"कुणी घरी जाऊ नका. माझं गणित म्हणतं, दिवेलागणीच्या आत ताप परत येईल. जो आधी पाणी प्यायला, बहुतेक त्याला आधी."

बाबा हसला. देवाला गणित लावतेस का, म्हणाला. लोकही तिच्यावर खेकसले, पण चमत्कार टिकतो की नाही हे बघायला थांबले. ऊन कललं तशी पहिल्या रांगेतली शिंपीणबाई कुडकुडू लागली. मग तिच्या शेजारचा सुतार. मग मागची रांग.

ध्यानाची वेळ झाली म्हणत बाबाने मागचं दार गाठलं. तिथे मुलीने आधीच बोलावलेले पोलीस उभे होते. मुलगी ध्वनिक्षेपक घेऊन त्याच्यासमोर गेली. बाबा पुटपुटला, "मी कुणाला मारलं नाही. पाण्यात तापाची गोळीच तर घालत होतो."

"मोठ्याने सांगा."

त्याने सांगितलं.

"पुन्हा. मागच्या रांगेला ऐकू आलं नाही."

तिने त्याच्याकडून ते तोवर वदवून घेतलं, जोवर सभागृहात एकही हात जोडलेला उरला नाही. ताई काही परत येणार नव्हती, हे तिला ठाऊक होतं. तरी तिच्या छातीवरचा दगड जरा हलला.

डॉक्टरीणबाईंनी आजाऱ्यांना दवाखान्याकडे नेलं. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "ताप उतरला म्हणजे रोग गेला असं नाही. कुणी चमत्कार दाखवला, तर उठून पाया पडू नका. बसून राहा, आणि पुढे काय होतं ते बघा."