दोरी सोडू नकोस

“हे दोन स्क्रू सैल केले, हा प्लग ओढला, की मोटर हातात,” गोगलगाय म्हणाला. “घरी न्यायची, परत आणून लावायची. लहान मूलसुद्धा करेल.”

“आणि मी?” पाचरनं विचारलं.

“तू पण करशील. वेळ लागेल.”

गोगलगायीच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये दोन स्टुलांवर पाचरची कयाक ठेवली होती. एका माणसाची, अरुंद, पिवळ्या प्लॅस्टिकची होडी. माशांच्या डोक्यावर जाऊन उभी राहिली तरी त्यांना पत्ता लागत नाही. तिच्या शेपटाकडे गोगलगायीनं ॲल्युमिनियमची जाड पट्टी बोल्टनं बसवली होती, पट्टीवर लाकडाचा ठोकळा, आणि त्या ठोकळ्याला चिमट्यात धरून बॅटरीवरची मोटर. खाली दांडीच्या टोकाला पंखा. पाचर रिकाम्या डब्यावर बसून बघत होता. गेल्या वर्षीच्या अर्धांगाच्या झटक्यापासून त्याचा डावा हात मांडीवरच असायचा, कुणीतरी ‘जरा सांभाळा हं’ म्हणून ठेवून गेलेल्या पिशवीसारखा. एका हातानं वल्हं मारलं की होडी जागच्या जागी गोल फिरते. हा प्रयोग त्यानं तळ्यावर करून बघितला होता, अख्ख्या धक्क्यासमोर.

“आणि ही दोरी,” गोगलगाय म्हणाला. मोटरच्या मानेपासून होडीच्या कडीपर्यंत, पट्टीच्या खालून, त्यानं एक काळी दोरी नेली होती. मुद्दाम वाकून बघितल्याशिवाय दिसत नव्हती. “दोरी सोडू नकोस.”

“बरं.”

“काही झालं तरी सोडू नकोस.”

“अरे हो रे बाबा. माझी बायको आहेस का?”

बायको दारातच उभी होती. ती म्हणाली, “त्याचं नाही ऐकलंत तरी चालेल, माझं ऐका. रविवारी जावईबापू गाडीला कॅरियर लावून येतायत. एकटे गेलात, एकटे परत आलात, तर होडी तुमची. कुणाला आणायला जावं लागलं, तर तशीच उचलून त्यांच्या टपावर. मग खिडकीत बसून काय मोजायचं ते मोजा.”

“कावळे,” पाचर म्हणाला. “दुसरं काय असतं आपल्या खिडकीत.”

खिडकीत बसून त्यानं एक वर्ष काढलं होतं.

पाचर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पाण्याच्या पंपघरात ऑपरेटर म्हणून त्यानं नोकरी केली, ती पोटासाठी. मनापासून केलेलं काम एकच, दुसऱ्याच्या सुरळीत चाललेल्या गाड्यात पाचर मारायची. नवा माणूस कामावर आला की त्याला स्टोअरमधून अर्धा किलो प्रेशर आणायला पाठवायचा, आणि तो रिकाम्या हातानं परत आला की ‘पिशवी नाही नेलीस?’ म्हणून झापायचा. दर उन्हाळ्यात एकदा तळ्याच्या मध्यावर बुडायचा. हात हलवायचा, गटांगळ्या खायचा, कुणीतरी जिवाच्या आकांतानं पोहत जवळ आलं की विचारायचा, “वाजले किती हो?”

पण सगळ्यात गाजलेली खोडी गोगलगायीची. तेव्हा दोघंही तरुण. तळ्यावर होड्यांची शर्यत, आणि कधी कशात भाग न घेणारा गोगलगाय चक्क उतरलेला, कारण ज्या मुलीशी त्याचं जमत होतं तिचा बाप बघायला आला होता. पाचरनं काय केलं, त्याच्या होडीला मागून, पाण्याखालून, एक काळी दोरी बांधली आणि दुसरं टोक धक्क्याच्या खांबाला. दोरी लांब ठेवली. शिट्टी वाजली, गोगलगाय सुटला, आणि खरं सांगायचं तर पहिला होता. सगळ्यांच्या पुढे. मग दोरी ताणली गेली. होडी थांबली, गोगलगाय थांबला नाही. पुढचे दोन दात होडीच्या काठावर गेले. माणसं हसून हसून बसली. मुलीचा बापही हसला, आणि ज्या माणसाला आपण इतकं हसलो त्याला मुलगी कशी द्यायची, असा विचार करून घरी गेला. पुढे गोगलगायीचं लग्न झालंच नाही.

ही गोष्ट पाचर प्रत्येक बैठकीत सांगायचा. गोगलगाय समोर असला तर जास्त रंगवून. गोगलगाय तोंडावर हात धरून सगळ्यांबरोबर हसायचा. एका शब्दानं कधी बोलला नाही. आणि पाचरला खरी भीती त्याचीच होती. गोगलगाय नि पोटात पाय, उगाच नाही म्हणत.

“फुकट का करतोय तो हे सगळं?” घरी जाताना त्यानं बायकोला विचारलं.

“मित्र आहे म्हणून.”

“त्याच्या जागी मी असतो तर...”

“तुम्ही असता तर होडीला भोक पाडलं असतंत. चोराच्या मनात चांदणं. गप चला.”

रविवारी सकाळी धक्क्यावर गर्दी होती. बोलावणी पाचरनंच केली होती, लेकीच्या लग्नात केली नव्हती इतकी. माणसं वर झाडाखाली जमत होती. खाली पाण्यापाशी गोगलगायीनं मोटर लावली, दोन्ही स्क्रू पकडीनं आवळले, प्लग जोडला आणि म्हणाला, “चहा आणतो. हात लावू नकोस कशाला.”

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

तो वळला तसा पाचर खोडी शोधायच्या कामाला लागला. मोटर उलटी फिरावी म्हणून तारा बदलल्यात? नाही, लाल लालला, काळी काळीला. पंखा सैल? घट्ट. बॅटरीच्या डब्यात बेडूक? नव्हता, आणि त्याला जरा वाईटच वाटलं. मग ठोकळ्याखाली काही असेल म्हणून त्यानं दोन्ही स्क्रू उघडले, मोटर उचलून बघितली. स्वच्छ. परत बसवताना एका हातानं मोटर सरळ धरायची आणि दुसऱ्यानं स्क्रू फिरवायचा असतो. धरायचं काम डाव्या हाताकडे आलं, आणि डाव्या हातानं ते झटक्यानंतर इतर सगळी कामं केली तसंच केलं. मोटर जराशी तिरकी बसली. पाचरला ती सरळ दिसली.

मग त्याची नजर दोरीवर गेली.

काळी. खालून नेलेली. दिसू नये अशी. ‘काही झालं तरी सोडू नकोस.’

पाचरच्या अंगावर आनंदाचा काटा आला. सापडलास बेट्या! इतकी वर्षं पोटात ठेवलंस, आणि केलंस काय, तर माझीच खोडी मला? दोरी कुठेतरी पंख्यात गुंतणार, मधोमध होडी अडकणार, आणि मी तोंडावर आपटणार. त्याला गोगलगायीचं कौतुकसुद्धा वाटलं, वर्गातला ढ मुलगा शेवटी पास झाल्यावर वाटावं तसं. त्यानं मासे कापायची सुरी काढली, दोरी मोटरजवळ कापली, आणि लोंबणारं टोक पट्टीखाली नीट खोचून ठेवलं. कळू नये म्हणून.

गोगलगाय चहा घेऊन आला. “हात नाही ना लावलास?”

“छे.”

“वल्हं घे बरोबर.”

“ते जावईबापूंना दे. पाठ खाजवायला होईल,” पाचर मोठ्यानं म्हणाला. झाडाखाली हशा झाला. जावईबापूंनी वल्हं घेतलं, सभ्यपणे हसले, आणि कॅरियरवर अंथरायची घोंगडी काढायला गेले.

पाचर निघाला तेव्हा काय सांगावं! मोटरचा आवाज म्हणजे झोपलेल्या मांजराचा. होडी पाणी कापत सरळ गेली, मोटरचा दांडा उजव्या हातात, डावा मांडीवर, पण आता तो बसलेल्या राजाच्या हातासारखा दिसत होता. वर्षभरात पहिल्यांदा त्याला कुणी धरलेलं नव्हतं, कुणी ‘हळू हं’ म्हणत नव्हतं. गवताच्या बेटापाशी, जिथे मोठे मासे उन्हाला येतात, तिथे जाऊन त्यानं एक ऐटबाज वळण घेतलं आणि धक्क्याकडे बघून ओरडला, “कुणाला काही आणायचंय का?”

वळणावर मोटर एकदा थरथरली. मग तिनं ठोकळ्यावर मान टाकली, चिमटा घसरला, दांडा त्याच्या हातातून निसटला. प्लगनं क्षणभर धरलं. पण काढघाल सोपी व्हावी म्हणूनच तो प्लग होता. डुबुक. इतकाच आवाज. थोडे बुडबुडे आले, मग तेही थांबले.

पाचर पाण्याकडे बघत राहिला. मग हातानं वल्हवायला लागला. होडी गोल फिरली. उलट्या बाजूला वाकून वल्हवलं, उलटी गोल फिरली. वारा तिला बेटाकडे, चिखलाच्या बाजूला ढकलत होता.

“अरे, मोटर पडली!” तो ओरडला. “या कुणीतरी!”

धक्क्यावर टाळ्या पडल्या.

“खरंच पडली!”

“वाजले किती हो?” कुणीतरी ओरडून विचारलं, आणि झाडाखालची माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. पाचरनं हात हलवला तसे त्यांनीही हलवले. मुलांना खांद्यावर घेऊन दाखवलं. त्यानं शिव्या दिल्या. त्या तर फारच आवडल्या. बायको हसत नव्हती, पण हललीही नाही. तिनं दर उन्हाळ्याला हे बघितलं होतं.

शेवटी एक होडी सुटली. त्यात गोगलगाय होता. शर्यतीनंतर तो कधी होडीत बसला नव्हता. वल्ही पाण्यात कमी आणि हवेत जास्त लागत होती. जवळ यायला त्याला फार वेळ लागला. त्यानं रिकाम्या ठोकळ्याकडे बघितलं, मग पट्टीखाली हात घालून दोरीचं टोक बाहेर काढलं.

“ही तुटली नाही,” तो म्हणाला. “कापलीय.”

पाचरनं सुरीचा खिसा हातानं झाकला.

“मोटर सुटली तरी होडीलाच लटकत राहावी म्हणून बांधली होती. तुला काय वाटलं?”

पाचरनं मान दुसरीकडे वळवली.

“तुला वाटलं, मी शर्यतीचं...”

“हो.”

गोगलगाय त्या टोकाकडे बघत राहिला. हळूहळू त्याचे खांदे हलायला लागले. एका हातात वल्हं, दुसऱ्यात दोरी, तोंडावर धरायला हातच उरला नव्हता. तो हसत सुटला, आणि समोरच्या दातांची ती काळी खिडकी पाचरला पहिल्यांदा पूर्ण दिसली. गोष्टीत तो ‘दोन दात’ म्हणायचा. ते चार होते.

“अरे, मला सुचलंच नाही,” गोगलगाय डोळे पुसत म्हणाला. “आईशप्पथ सांगतो. सुचायला हवं होतं. इतकी वर्षं तू वाट बघत होतास?”

“चल आता. ओढ.”

गोगलगायीनं कयाकच्या नाकाला नवी दोरी बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि वल्हवायला लागला. येताना चुकत होता, जाताना हात बसला होता. मागून पाचर, रिकाम्या होडीत ठेवलेल्या सामानासारखा. धक्का जवळ आला. जावईबापूंनी गाडीच्या टपावर घोंगडी अंथरून चारी कोपरे सरळ केले होते. बायको पाण्यापर्यंत खाली आली होती; या वेळी सोंग नव्हतं, हे आता तिला कळलं होतं.

धक्का आला, आणि बाजूनं मागे गेला.

“अरे, धक्का गेला,” पाचर म्हणाला.

“माहितीये.”

“मग?”

“एक फेरी मारू,” गोगलगाय वळून न बघता म्हणाला. “तू बोलावलेली माणसं आहेत. लांबून आलीत.”

काठाकाठानं तो त्याला ओढत राहिला, अगदी सावकाश, कुणाचं बघायचं राहू नये असं. माणसं काठावरून बरोबर चालायला लागली, टाळ्या वाजवत. पाचरनं दोरीकडे बघितलं. सुरी खिशात होती. तिच्यावर त्यानं बोटं ठेवली, मग काढून घेतली.

डावा हात मांडीवरून घसरला होता, तो उचलून त्यानं नीट ठेवला. पाठ सरळ केली. आणि उजवा हात वर करून काठावरच्या सगळ्यांना, एकालाही न वगळता, हलवत राहिला.