रुसायला दोन खोल्या

मी एक शिडाची बोट बोलतेय. वय विचारू नका. मला सांगायला लाज नाही, पण ते ऐकलं की तुम्ही लगेच शेजारच्या नव्या बोटींकडे बघू लागाल. माझ्या बाबतीत बरीच वर्षं तेच झालं.

मला बांधणारा कारागीर स्वभावाने भित्रा होता. एक थर पुरला असता तिथे तो दोन चढवायचा, बोल्ट पिळून झाला तरी घरी जाताना परत येऊन पुन्हा पिळायचा. त्याच्या भित्रेपणामुळे मी दणकट झाले. पोट खोल, अंग अरुंद, पुढे एक झोपायची खोली, मागे एक, दोन्हींना स्वतंत्र दार आणि मध्ये स्वयंपाकाचा ओटा. महासागर ओलांडायलाच त्याने मला घडवलं होतं. त्याच्याशिवाय हे कोणी मनावर घेतलं नाही.

पहिले मालक दातांचे डॉक्टर. त्यांनी मला बंदराबाहेर कधी नेलंच नाही. पाहुणे यायचे, माझं सुकाणू धरून फोटो काढून घ्यायचे आणि डॉक्टर त्यांना वादळांच्या गोष्टी सांगायचे. मी मेली दोरखंडाने बांधलेली, निमूट ऐकायचे. पुढे त्यांची हौस फिटली. माझ्यावर ताडपत्री पडली, ताडपत्रीखाली कबुतरं आली आणि त्यांनी माझं काय केलं ते मी सांगत नाही.

शेवटी एका विक्रेत्याने मला घासूनपुसून, रंग लावून बोटींच्या प्रदर्शनात आणलं. हा कायम टायमध्ये असायचा, म्हणून मी त्याला टायवाला म्हणते. त्याने मला अगदी शेवटच्या धक्क्यावर, स्वच्छतागृहांच्या समोर उभं केलं. शेजारी एक पांढरीशुभ्र नवी बोट होती. आत एकच ऐसपैस दिवाणखाना, भिंतभर टीव्ही. लोक तिच्यात रमायचे आणि माझ्याकडे बघून नाक मुरडायचे.

प्रदर्शनात बोटीवर चढताना बूट काढून टोपलीत ठेवावे लागतात. त्यामुळे मला माणसं मोज्यांवरून कळू लागली. सूट भारीतला आणि अंगठा बाहेर, असे किती पाहिले. एकच गृहस्थ बुटांसकट चढले, ते हॉटेलवाले. त्यांनी टेपने माझी लांबी मोजली आणि टायवाल्याला सांगितलं की प्रदर्शन संपेपर्यंत खपली नाही तर ही मला द्या. हॉटेलच्या दारात मला सिमेंटमध्ये बसवून, माझी कूस कापून, तिथे सरबताचा काउंटर करायचा होता त्यांना. टायवाला हसून हो म्हणाला. मी हादरलेच. ज्या बोटीने अजून समुद्र पाहिला नाही, तिने जन्मभर सरबत विकायचं?

शेवटच्या दिवशी दुपारनंतर ते दोघं आले. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री, बायको शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई, दोघंही नुकतेच निवृत्त. सुट्टीच्या दिवशी भाड्याच्या छोट्या बोटी हाकत त्यांनी शीड सांभाळायचं शिकून घेतलं होतं. बाईंनी आयुष्यभर छडीने नकाशावरचे महासागर दाखवले होते. आता त्यातला एक तरी ओलांडायचा आणि बोटीतच संसार थाटायचा, असं दोघांनी ठरवलं होतं. त्यासाठी राहतं घर विकायचं होतं. बोट चुकली तर परत जायला जागा उरणार नव्हती.

मिस्त्रींनी तळाची फळी उचलून आत हात घातला, ठोकून पाहिलं. बाई मागच्या खोलीतल्या माझ्या अरुंद बिछान्यावर आडव्या झाल्या आणि दोन्ही कोपरं कडांना टेकवून म्हणाल्या की इथून लाटेने कोणी खाली पडणार नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात टायवाला बोलून गेला की साहेबांनी सकाळीच एकटं येऊन शेजारच्या बोटीला होकार दिलाय, ही आपली सहज बघायची.

बाई उठून बसल्या. "होकार दिलात? मला न विचारता?"

"अगं, तुला तो दिवाणखाना आवडेल असं वाटलं."

बाई उठल्या. पुढच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मिस्त्री मागच्या खोलीत गेले, त्यांनीही लावून घेतलं. या जोडप्यात आवाज चढवायची पद्धत नाही, अबोला धरायची आहे, हे मला पुढे सवयीने कळलं. बिचारा टायवाला मधोमध उभा. कुठलं दार ठोठावावं ते त्याला कळेना. शेवटी तो बाहेर जाऊन टोपलीतल्या त्यांच्या बुटांकडे बघत बसला.

उन्हं कलली. धक्क्यावरचे स्टॉल आवरायला लागले. हॉटेलवाले आले आणि माझी कूस कुठे कापायची त्याच्या खुणा खडूने करू लागले. तो स्पर्श मी कधी विसरणार नाही. आत मात्र दोन्ही दारं बंद.

मग पुढचं दार सरकलं. बाईंनी पिशवीतला थर्मास काढून दोन कपांत चहा ओतला, एक कप मागच्या दाराबाहेर ठेवला, एकदाच टकटक केलं आणि आपला कप घेऊन परत आत जाऊन बसल्या. राग चालू राहतो पण चहा चुकत नाही, अशी त्यांची रीत. मिस्त्रींनी दार उघडलं, उंबऱ्यावर बसून चहा संपवला आणि मोठ्याने विचारलं, "त्या पांढऱ्या बोटीत तू रुसून बसली असतीस कुठे?"

बंद दाराआडून उत्तर आलं, "टपावर. भर पावसात."

मिस्त्रींना हसू आवरेना. आतूनही खुसखुस ऐकू आली. दार उघडून बाई म्हणाल्या, "हीच घेऊ या. हिच्यात नीट रुसता येतं."

टायवाल्याने होकाराची आठवण करून दिली. मिस्त्री म्हणाले की तो माझ्या एकट्याचा होता, आमच्याकडे तो अर्धाच धरतात. मग त्यांनी बाहेर येऊन ओल्या फडक्याने माझ्या कुशीवरचा खडू स्वतः पुसला. हॉटेलवाल्यांनी टेप गुंडाळली आणि माझा जीव भांड्यात पडला.

घर विकून आम्ही निघालो. डॉक्टर ज्या वादळांच्या थापा मारायचे, ती मी खरोखर पाहिली. त्या भित्र्या कारागिराचा एकही बोल्ट हलला नाही. ऐन महासागरात मात्र दोघांचं बिनसलं. बाई शीड कमी करा म्हणत होत्या, मिस्त्री थोडं थांबू म्हणाले आणि एक लाट थेट बाईंच्या बिछान्यावर आली. लगेच अबोला. पाळी बदलताना एकमेकांसाठी सुकाणूशेजारी चहाचा कप ठेवायचे आणि आपापल्या खोलीत जायचे. मी दोघांना घेऊन आपली चालत राहिले.

एका सकाळी सुकाणूवर बाई होत्या. त्या एकदम उभ्या राहिल्या.

"अहो, जमीन."

मिस्त्री बनियनवरच धावत वर आले. समोर निळसर डोंगर स्वच्छ दिसत होता. तरी ते म्हणाले, "कुठे?" आणि बाईंनी वर्गात दाखवायच्या तसा हात लांब करून तो दाखवला.

मी महासागर ओलांडला. हे वाक्य मला दिवसातून दहा वेळा म्हणावंसं वाटतं. आता एका अनोळखी बंदरात मी नांगर टाकून उभी आहे, माझी शिडं वाळताहेत. तुम्ही कधी बोट निवडायला गेलात तर शेवटच्या धक्क्यापर्यंत नक्की जा. बूट काढा, आत बसा आणि जोडीने गेला असाल तर थोडं भांडून बघा.

येते आता. आत्ताच पुढचं दार लागलं, पाठोपाठ मागचंही. मिस्त्री म्हणे पुढचा महासागरही ओलांडू असा बंदरात कुणाला तरी परस्पर होकार देऊन आलेत. चहा होईल तेव्हा होईल. माझा होकार मात्र पूर्ण आहे.