पुनर्जन्म घेणारा कॉम्प्युटर

"डोळे मिटा!" बाबा कडाडले, आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या दुकानात जमलेल्या सगळ्यांनी पटापट डोळे मिटले. शेजारच्या शिंप्याने मिटले, समोरच्या औषधवाल्याने मिटले, "काय झालं, काय झालं" करत रस्त्यावरून आत शिरलेल्या दोन बायकांनीही मिटले. त्या दोघींना तर काय झालंय हे अजून कळलंही नव्हतं.

मी उघडेच ठेवले. त्यात शौर्य वगैरे काही नाही. मी मुद्रितशोधक आहे. छापायला जाणारा मजकूर वाचायचा आणि त्यातल्या चुका काढायच्या, यावर माझं पोट चालतं. डोळे मिटून मला जेवायला कोण घालणार?

"तो थकलाय," बाबा खर्जात म्हणाले. "त्याची घुसमट होतेय. आता तो प्राण सोडणार. सोडणार... सोडणार... गेला!"

आणि टेबलावरचा कॉम्प्युटर खरोखर गेला. पडदा काळाठिक्कर.

"आणि हा पुन्हा जन्मला!"

टुक असा आवाज आला, पडदा उजळला. लोकांनी डोळे उघडले. "अगं बाई!" दोघींपैकी एक म्हणाली आणि तिने हात जोडले. कॉम्प्युटरला जोडले की बाबांना, ते तिचं तिलाच ठाऊक.

आता हे सगळं का चाललं होतं ते सांगते. माझ्या मेव्हण्याचं हे दुकान. पत्रिका, पाट्या, अहवाल, काय म्हणाल ते तो टाइप करून, सजवून द्यायचा. एका सकाळी नेहमीसारखा बाहेर पडला आणि रस्त्यातच छातीत कळ येऊन गेला. वय काही जायचं नव्हतं. बहीण कितीतरी दिवस दुकानाकडे फिरकली नाही. मग एका शाळेने स्मरणिकेचं काम देऊ केलं, आणि तिने कुलूप उघडलं. कॉम्प्युटर उघडेना. दुरुस्तीवाला आला, म्हणाला डिस्क मेली, नवी घालतो. घातली. पेन ड्राइव्ह खोचला, सगळं सॉफ्टवेअर पहिल्यापासून भरायला लावलं, तेवढ्यात त्याला दुसरीकडून बोलावणं आलं. "विचारेल तिथे 'पुढे' दाबा. बाकी काही झालं तरी कशाला हात लावू नका," असं बजावून तो पळाला आणि मग फोन उचलेना.

बहिणीने 'पुढे' दाबलं. कॉम्प्युटर बराच वेळ घरघरला, बंद झाला, चालू झाला, आणि पुन्हा पहिल्या पानावर येऊन उभा राहिला. पुन्हा 'पुढे', पुन्हा घरघर, पुन्हा बंद. असं सकाळपासून चाललं होतं. शेवटी ती रडकुंडीला आली आणि तिच्या दिराने बाबांना आणलं.

दीर काही वाईट माणूस नाही हो. फक्त त्याची श्रद्धा फार सोयीची आहे. दुकानाची खोली आपल्याला गोदामाला मिळावी हे त्याच्या मनात होतंच. बाबांनीही पुढे दुकान बंद करायलाच सांगितलं, म्हणून बाबा त्याला लगेच पटले.

बाबा यंत्रांतल्या आत्म्यांचे जाणकार. इस्त्रीचा पांढरा सदरा आणि कानांवर हेडफोन. त्यातून म्हणे आत्म्याचा आवाज येतो. हेडफोनची वायर खिशात गेली होती, तिथे ती कशाला जोडली होती ते देव जाणे.

"मदरबोर्ड म्हणजे काय?" बाबांनी सगळ्यांना विचारलं. "माता! त्या मातेच्या उदरात या दुकानाच्या मालकाचा जीव अडकलाय. तुम्ही जुनी डिस्क काढून टाकलीत. म्हणजे त्याच्या आठवणीच काढून टाकल्यात! आता तो नव्या देहात शिरायला बघतो, फ्रिक्वेन्सी जुळत नाही, बाहेर फेकला जातो. जन्म आणि मरण, मरण आणि जन्म!"

"सायंटिफिक आहे," औषधवाला हळूच म्हणाला. हा गडी पदवीधर बरं का.

"उपाय?" दिराने विचारलं.

"यंत्र आमच्या आश्रमात येईल. तिथे त्याला मुक्ती. दुकान बंद. आणि वहिनींनी या खुर्चीत बसायचं नाही. त्याचा राग वहिनींवर आहे."

बहीण पांढरीफटक पडली. मी तिला दारामागे ओढलं.

"काय गं, ऐकून काय घेतेस? चांगलं खडसाव की त्याला!"

"ताई, खरंय ते," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी मी त्याला बोलले होते. दिवसरात्र त्या खोक्यापुढे बसतोस, एक दिवस फेकून देईन म्हटलं. त्याने चप्पल घातली नि तडक निघून गेला. ताई, तो रागावूनच गेला गं."

अशी सणक माझ्या डोक्यात गेली की विचारू नका. या हेडफोनवाल्या बुवाला एक फुकटचा कॉम्प्युटर हवा, त्या दिराला गोदाम हवं, आणि त्यापायी माझ्या बहिणीने जन्मभर समजायचं की आपला नवरा आपल्यावर डूख धरून बसलाय?

रागाने डोकं तापलं तरी डोळे आपलं काम करतात. बाबा 'सोडणार, सोडणार' करत होते तेव्हा मी पडद्यावर काय वाचलं होतं? इंग्रजीत एक साधी ओळ. पुढचं काम करण्यासाठी कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू होईल. त्यापुढे आकडा. दहा. नऊ. आठ. बाबा पडद्यासमोर बसून, पापण्या किलकिल्या ठेवून तो आकडा बघत होते. आणि बाकीच्यांना डोळे मिटायला लावत होते!

भविष्यवाणीचं कोडं सुटलं. पण मग पुढचं काम होत का नव्हतं? मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो उचलेपर्यंत लावत राहिले.

"बंद होतो आणि पहिल्यापासून सुरू होतो? मग पेन ड्राइव्ह काढला नसेल."

"तुम्हीच म्हणालात ना, कशाला हात लावू नका!"

"अहो ताई, मी बटणांबद्दल बोललो होतो! पहिल्यांदा बंद झाला की पेन ड्राइव्ह काढायचा. नाहीतर उठल्या उठल्या त्याला तोच दिसतो, आणि अजून काही झालेलंच नाही असं समजून तो सगळं पुन्हा करत बसतो." मग म्हणाला, "सांगायला विसरलोच की मी. चुकलं."

मी आत आले तेव्हा नवी फेरी संपत आली होती. दीर कॉम्प्युटर न्यायला पोतं घेऊन उभा.

"बाबा," मी गोड आवाजात म्हटलं, "एकदा अजून दाखवा ना. पण या वेळी पडद्याकडे पाठ करून बसा."

"आत्म्याकडे पाठ करत नसतात!"

"आत्म्याला कसली आलीय पाठ नि पोट?" हे शिंपी बोलला. सकाळपासून त्याची गिऱ्हाइकं खोळंबली होती. "बसा की, बाबा. तुम्हाला तर हेडफोनमधून कळतं."

आता आली का पंचाईत! बाबा फिरून बसले. मी बाकीच्यांना म्हटलं, "तुम्ही डोळे उघडे ठेवा. आणि हो, वाचा."

"डोळे मिटा!" बाबा भिंतीकडे बघून ओरडले. कोणी मिटले नाहीत. "तो थकलाय... सोडणार... सोडणार... गेला!"

कॉम्प्युटर छान घरघरत होता.

"गेला!" बाबा पुन्हा म्हणाले. कुठला जातोय! कोणीतरी फिसकन हसलं. बाबांनी तिसऱ्यांदा मारलं त्याला, तरी तो जिवंतच.

मग पडद्यावर ती ओळ आली. औषधवाल्याने ती मोठ्याने वाचली, आणि वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. "दहा," शिंपी म्हणाला. "नऊ," त्या दोघी म्हणाल्या. मग सगळं दुकान एका सुरात मोजू लागलं. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

पडदा काळा झाला. "काढ तो पेन ड्राइव्ह," मी बहिणीला म्हटलं.

"वहिनी, हात लावू नका!" दीर किंचाळला.

तिने माझ्याकडे पाहिलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि पेन ड्राइव्ह उपसून काढला.

पडदा उजळला. पहिलं पान आलं नाही. काम पुढे सरकलं.

"माझ्याच कृपेने," बाबा उठत म्हणाले. "पाठमोरी साधना लवकर फळते." या माणसाची अक्कल चांगल्या कामाला लागली असती तर! दोघींपैकी एकीने तेवढ्यातही त्यांना वाकून नमस्कार केला. मी कपाळावर हात मारून घेतला. दीर पोत्याची घडी घालत पुटपुटला, "मला वाटलंच होतं, काहीतरी साधंच असणार."

"वाटलं होतं तर तोंडाला काय कुलूप लागलं होतं?" मी त्याला सोडलं नाही, औषधवाल्यालाही नाही. "आणि तुम्ही हो, दिवसभर बाटल्यांवरचं बारीक अक्षर वाचता, एवढं ठळक दिसलं नाही? कोणी डोळे मिटा म्हटलं की आधी विचारा, का? यंत्र बिघडलं तर ते काय सांगतंय ते वाचा. नाही कळलं तर ज्याला कळतं त्याला विचारा, आणि दहादा विचारायची लाज बाळगू नका. लाज बाळगायची तर मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत बाईला घाबरवायची बाळगा!"

दुकान रिकामं झालं. मला वाटलं, आता बहीण हसेल. ती खुर्चीत बसून ढसाढसा रडायला लागली.

"म्हणजे तो यात नाहीच?"

"नाही गं."

"रागावलेलासुद्धा नाही?"

"नाही."

"रागावून का होईना, ताई, इथे आहे असं वाटत होतं मला."

बाबांनी तिला खोटा नवरा दिला होता आणि मी तोही काढून घेतला होता. पण खोट्या नवऱ्याच्या धाकात तिला जन्म काढू दिला असता तर मी कसली बहीण? मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ती रडत राहिली, कॉम्प्युटर घरघरत राहिला.

मग पडद्यावर नवं पान आलं. हा कॉम्प्युटर कोण वापरणार, त्याचं नाव लिहा, असं त्यावर होतं. तिने पदराने डोळे पुसले आणि सवयीने नवऱ्याचं नाव टाइप केलं. थोडा वेळ त्याकडे बघत बसली. मग एकेक अक्षर खोडलं, आणि स्वतःचं नाव लिहिलं.

'पुढे' दाबायला मी हात लांब केला, तर म्हणाली, "थांब ताई. मी दाबते."