बहिरी म्हणता, पण ऐकून तर घ्या

मी बहिरी बोलतेय. हसू नका. बहिरी हे माझ्या जातीचं नाव आहे, बहिरी ससाणा, आणि माझ्या कानांना काहीही झालेलं नाही. पलीकडच्या तळ्यात बदकाने पाय हलवला तरी मला कळतं. तरीसुद्धा माझ्या फाईलवर 'डेफ' असं लिहिलंय. ते कुणामुळे लिहिलं गेलं, हे सांगितल्याशिवाय मी मरणार नाही.

मी अंड्यातून निघाले ती एका यंत्रात, दूर कुठल्यातरी थंड देशात. आईच्या जागी दिवा होता. २००२ साली मला खोक्यात घालून विमानाने सिंगापुरात आणलं, चोआ चू कांगच्या पुढे एका पक्षीबागेत. तिथे माझा मास्तर भेटला, प्रबोध. मूळचा साताऱ्याचा, आधी बँकेत होता. बँक सोडून हा पक्ष्यांच्या मागे लागला, तेव्हापासून इथली मराठी मंडळी त्याच्याकडे अशी बघायची, जशी मी शिळ्या उंदराकडे बघते.

माझी शाळा सांगते. डोक्यावर चामड्याची टोपी, म्हणजे डोळ्यांपुढे अंधार. पायात चामड्याच्या वाद्या, वर घुंगरू. रोज सकाळी काट्यावर उभं करून वजन घ्यायचे, भूक कितपत आहे ते बघायला. तुमची मुलं उपाशी असली की शिकत नाहीत म्हणे. आमचं उलट. पोट भरलं की आम्ही शाळा बुडवतो.

मग प्रबोध हातमोज्यावर मांसाचा तुकडा ठेवायचा आणि म्हणायचा, "ये." पहिल्यांदा दोन पावलांवरून, मग दहा, मग लांब दोरी बांधून मैदानभर. 'ये' म्हटलं की यायचं, आलं की घास. हा एकच शब्द मला शिकवला, तोही मराठीत, कारण लाडात आला की प्रबोधला इंग्रजी सुचत नाही. बाकी माझं शिक्षण अर्धवटच. पण तो एक शब्द मी असा घोटला, की झोपेत म्हणालात तरी उडून येईन.

शिकारी पक्ष्याला माणसांचीही सवय करावी लागते. हातावर बसवून गर्दीतून फिरवायचं, छत्र्या, कॅमेरे, रडणारी बाळं सगळं दाखवायचं. पण तेव्हा सार्सची साथ आली. बागेच्या दारात ताप मोजायला दोघं उभे, आणि आत यायला कुणीच नाही. मग प्रबोधने घरचीच माणसं आणली: बायको मीनल, आणि साताऱ्याहून महिन्याभरासाठी येऊन साथीमुळे अडकलेली आई, अरुणाबाई.

"आई, ही बहिरी," प्रबोध म्हणाला.

"अरेरे," अरुणाबाई मास्कमधून म्हणाल्या. "जन्मापासून?"

प्रबोध माझ्या वाद्यांची गाठ सोडवत होता, त्याने ऐकलंच नाही. मीनल फोनवर होती. झालं. त्या दिवसापासून म्हातारी माझ्या कानाशी येऊन ओरडायची. "जेवलीस का गं?" म्हणाली की पलीकडचे पोपट दचकायचे. तशी बाई मायाळू. मी तिच्या अंबाड्यातला आकडा ओढून काढायचे आणि मुद्दाम चिखलात टाकायचे. ती "द्वाड कुठली" म्हणायची आणि पुन्हा डोकं पुढे करायची.

साथ ओसरली आणि परीक्षा आली. एका गोल्फ क्लबाला कबुतरांनी जेरीस आणलं होतं. ससाणा ठेवून पाहू, असं त्यांनी ठरवलं. पास झाले तर रोज मोकळं आकाश आणि रोज शिकार. नापास झाले तर बागेतला फोटोचा खांब, पायात दोरी, जन्मभर. प्रबोध आठवडाभर मला हेच ऐकवत होता, जणू मी दुसऱ्या कशाचा विचार करत होते.

बाहेरच्या माणसांना मैदानावर मनाई होती. पण अरुणाबाई दोन दिवसांनी साताऱ्याला परतणार होत्या. "पोरीची परीक्षा मी बघणारच," म्हणाल्या. प्रबोधने त्यांना आणि मीनलला बागेतल्या मदतनीस असल्याचं सांगून गाडीत बसवून आणलं. समोर क्लबचे मॅनेजर मिस्टर लिम, एका हातात वही, एका हातात छत्री.

प्रबोधने टोपी काढली, हात उंचावला. मी उडाले. आणि मागून ठणठणीत आवाज आला:

"ये हं बाळ."

मी वळले आणि परत मोज्यावर येऊन बसले. बोलावलं, मी आले. माझं काय चुकलं?

"आई, प्लीज," प्रबोध दातांतल्या दातांत म्हणाला.

"अरे, निघालेल्याला 'जा' म्हणू का? काहीतरीच तुझं. शिवाय तिला कुठे ऐकू येतंय."

दुसऱ्यांदा म्हातारीने पदर तोंडावर धरला. मी वर गेले, इतकी वर, की लिमसाहेबांची छत्री बटणाएवढी झाली. कबुतरांचा थवा उठला. त्यातलं एक लंगडं राखाडी मी हेरलं, पंख मिटले आणि स्वतःला खाली सोडून दिलं. वारा शिट्ट्या घालत होता. आयुष्यात एवढी खूश मी कधी नव्हते. आणि पदर सुटला.

"नीट ये गं!"

त्या वेगात पंख उघडायचे म्हणजे काय, ते खांद्यांना विचारा. मी आले. कबुतर छपरावर बसून माझ्याकडे बघत राहिलं.

तिसऱ्यांदा अरुणाबाईंना गाडीत बसवून काचा वर केल्या. मैदान शांत. प्रबोधने टोपी काढली. त्याने मला उडवलं आणि हळूच, अगदी स्वतःशीच म्हणाला, "यश घेऊन ये."

शेवटी मुलगा कुणाचा.

मी परत येऊन बसले, तेव्हा लिमसाहेबांनी वही उघडली. त्यांना मराठी कुठून कळणार; पाठवलं तरी जात नाही, म्हणजे हुकूम ऐकूच येत नसणार, असा त्यांचा हिशेब. "धिस बर्ड डेफ, आह?"

म्हाताऱ्या माणसाला मदत करायची फार हौस असते. मी उतरताच गाडीची काच खाली आली होती. "मीनल, काय विचारतायत ते? डेफ म्हणजे बहिरी ना? येस येस, डेफ. बॉर्न डेफ."

मीनल नवऱ्याशेजारीच उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. "अरे, तिन्ही वेळा तुम्हीच तर बोलावलंत तिला."

प्रबोधचा चेहरा उतरला. त्याला सगळं कळलं. मी त्याच्या हातावर होते, त्याची नाडी मला मोज्यातून लागत होती. पण खरं सांगायचं झालं तर ती मदतनीस म्हणजे आपली आई, हेही सांगावं लागलं असतं. तो बुटांकडे बघत राहिला. लिमसाहेबांनी लिहिलं.

बागेत परतल्यावर डॉक्टरांनी माझ्या मागे टाळी वाजवली. मी रागात होते. मुद्दाम मान वळवली नाही. त्यांनी तीनदा वाजवली, मी तीनदा पंख खाजवले. ही चूक माझी, कबूल. पण रुसायचा हक्क फक्त माणसांनाच आहे का?

आता २००९ चाललंय. मी फोटोच्या खांबावर आहे. पाहुणे शेजारी उभे राहून बोटांचा व्ही करतात. मी त्यांच्या टोप्या पळवते, आणि लिमसाहेब एकदा नातवंडं घेऊन आले तेव्हा त्यांच्या बुटांवर अचूक शिटले. नेम अजून शाबूत आहे.

प्रबोध नव्या ससाण्यांना शिट्टीवर शिकवतो. शब्दावर नाही. म्हणजे बघा, चूक त्याला पाठ आहे, फक्त कागदावर यायला तयार नाही. रविवारी मला तो लाव्याच्या मांसाचा जास्तीचा तुकडा देतो आणि नजर चुकवतो. तुकडा मी खाते. हिशेब मिटला असं मात्र त्याने समजू नये.

मला माफी नको. फाईलमधला तो शब्द खोडा आणि त्या जागी लिहा, तीनदा बोलावलं, तीनदा आली. मग एखाद्या सकाळी मला उपाशी ठेवा, वाद्या सोडा आणि मोकळ्या मैदानावर हात उंच करा. खांदे थोडे धरलेत, पण कबुतर मी निवडेन. तुम्ही फक्त तोंड मिटून उभे राहा.