पंख फुटायच्या आधी

या सौद्यात दादाला बायको मिळणार होती. पक्की, कायमची, घरी परत. बिस्किटवाल्याला मिळणार होती रातकिड्यांची पावडर, मला भाजण्या-चाळण्याचं बारमाही काम आणि गल्लीला बोलायला विषय. इतक्या सगळ्यांचा फायदा दिसला की माझ्या मनात पाल चुकचुकते, की मग तोटा कुणाच्या वाट्याला? पण दादाला तेव्हा कोण विचारणार? तो ओणवा होऊन क्रेट पुसत होता आणि चक्क गुणगुणत होता.

दादा रातकिडे पाळतो. खाण्यासाठी. घड्याळदुरुस्तीचं दुकान बसलं तेव्हा त्यानं घराच्या मागच्या दोन खोल्यांत हा उद्योग मांडला. प्लॅस्टिकचे क्रेट, त्यांत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचलेले, खायला कोंबडीचं खाद्य आणि गाजराच्या साली. लोक आधी हसले. शेजारची शिलाईवाली अजूनही म्हणते, "आमच्या पिठात फुकट निघतात हो, तुम्ही पोसता!" आणि दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन येते. मीठ लावून भाजलेले नातवाला आवडतात म्हणे. नातवाला अजून दात यायचेत.

दुकान बसलं तेव्हाच वहिनी परदेशी गेली, एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायला. "दोन वर्षं," म्हणाली होती. आता पाचवं चालू होतं. फोन रविवारी. इकडे दुपारचे चार, तिकडे रात्र, तिची झोपायची वेळ. पहिल्या वर्षी एकदा दादानं फोन क्रेटच्या खोलीतच उचलला, तर ती म्हणाली, "अहो, थांबा. बोलू नका. त्यांचा आवाज येतोय." आणि पाच मिनिटांत गाढ झोपली. तिकडच्या इमारतीत इतकी शांतता असते म्हणे, की तिला डोळा लागत नाही.

तेव्हापासून हा नेमच झाला. रविवारी चारच्या आत दादा खिडक्यांवर ब्लँकेटं टांगायचा, कारण अंधारात ते जास्त किरकिरतात. फोन उपड्या बादलीवर ठेवायचा आणि स्टुलावर बसायचा. तासभर. मी शेजारच्या खोलीत चाळत असायचे. इतक्या लांबून बायकोचं घोरणं ऐकायला हातातलं काम टाकून बसलेला नवरा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

"काय म्हणाली रे वहिनी?" मी मुद्दाम विचारायचे.

"बरी आहे."

"झोपेत सांगितलं?"

"चाळ तू."

वहिनीनं रातकिडा कधी तोंडात घातला नाही. मी पाकीट पाठवू का म्हटलं, तर म्हणाली, "वन्सं, जे मला झोपवतात त्यांना दाताखाली कशी धरू?"

आता बिस्किटवाल्याची अट. रातकिडा किरकिरतो तो पंखांनी, आणि पंख फुटतात अगदी शेवटी, पूर्ण वाढ झाल्यावर. दादाची जुनी गिऱ्हाइकं म्हणजे पक्षी पाळणारे आणि व्यायामशाळेतली पोरं. त्यांना पंखांशी देणंघेणं नव्हतं. त्यामुळे दादा प्रत्येक क्रेट दहा-बारा दिवस गाऊ द्यायचा आणि मग उतरवायचा, म्हणजे किडे काढून घ्यायचा. पण बिस्किटात पंखाचा तुकडा दाताला लागला तर तक्रार येते. म्हणून साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "सगळे क्रेट आम्हाला, आणि सगळे पंख फुटायच्या आधी." त्या बदल्यात दर महिन्याची ऑर्डर. म्हणजे वहिनीनं तिकडे राहायची गरजच उरत नव्हती.

"आज सांग तिला," मी म्हटलं.

"आधी पहिला माल जाऊ दे. सांगितलं आणि फिसकटलं तर? ती उगाच आस लावून बसेल."

आस कोण लावून बसलं होतं ते मला दिसत होतं. त्यानं पलंगाची तिची बाजू झटकून घेतली होती आणि कपाटातला तिचा खण रिकामा केला होता. त्यात त्याचीच जुनी घड्याळं भरलेली होती.

दोन दिवसांत सगळे क्रेट उतरवले; पंख फुटलेले होते ते जुन्या गिऱ्हाइकांना दिले, अंड्यांचे क्रेट तेवढे राहिले, आणि पुढची अंडी विकत आणायची ठरली. रातकिडे थंडाव्यात ठेवले की आधी सुस्तावतात, मग हलायचेच थांबतात. मग धुणं, भाजणं, दळणं, चाळणं. शनिवारी माल गेला. त्या खोल्यांत चार वर्षांत पहिल्यांदा पंख्याचा आवाज ऐकू आला.

रविवारी दादा नवा शर्ट घालून स्टुलावर बसला. ब्लँकेटं टांगली नव्हती. मी चाळणी घेऊन दारापाशी सरकले. त्यांच्या बोलण्यात माझं काही काम नव्हतं, पण उजेड तिथंच चांगला होता.

"अहो, आवाज कुठाय?" वहिनी म्हणाली.

"नाहीये."

"वीज गेली का? गारठले का सगळे?"

"गेले. बिस्किटात."

"सगळे?"

"अगं, ऐक तरी. मोठी ऑर्डर आलीय. दर महिन्याला. तू आता ये."

दादानं फोन उचलून पाहिला, बंद पडला की काय.

"काय म्हणालात?"

"ये म्हणालो."

"परत म्हणा."

"घरी ये."

ती हसली की रडली, मला फोनवरून कळलं नाही. मग म्हणाली, "चार वर्षं दर रविवारी फोन लावतेय. एकदा तरी म्हणालात हे?"

"तू झोपायचीस."

"मग उठवायचं होतं!"

"दमलेली असायचीस. कशी उठवू?"

"आणि मी काय समजत होते, माहितीये? किडे गातायत, काम जोरात चाललंय, नवरा मजेत आहे, बायकोवाचून काही अडत नाही. अहो, दोन महिन्यांपूर्वी मी कागदावर सही केली. अजून तीन वर्षं. मधे सोडता येत नाही."

दादाचा हात गुडघ्यावर होता, तो तिथंच राहिला.

"सांगितलं नाहीस."

"सांगणार होते. झोप लागली."

माझ्या हातातली चाळणी थांबली.

"वन्सं, तिथंच आहात ना? चाळणीचा आवाज थांबलाय."

"आहे," मी म्हटलं.

"तुम्ही तरी उठवायचं होतंत."

चार वर्षं मी त्या दोघांना हसण्यात घालवली होती, आणि एका हाकेचं काम होतं.

दादानं घसा साफ केला. "एक क्रेट ठेवून देतो बाजूला. साहेबांना सांगतो. पंख फुटू देतो त्यांचे. तुझ्यापुरता."

"नको. मला झोपायचं नाहीये. बोला."

"काय बोलू?"

"काहीही. आज काय केलंत?"

उभा जन्म भिंगातून चाकं बघण्यात गेलेला माणूस. त्याला 'काहीही' म्हणजे केवढं मोठं काम! त्यानं खोलीभर नजर फिरवली. "बाराव्या क्रेटमध्ये पिल्लं निघालीत," म्हणाला. "मुंगीएवढी."

"मग?"

"ओला कापूस ठेवला. वाटीत पाणी ठेवलं तर बुडतात."

"एवढ्याशा पाण्यात?"

"एवढ्याशा."

"अगं बाई! मग?"

दीड तास चाललं ते. गाजराच्या सालींवर दहा मिनिटं. शेवटी ती म्हणाली, "एक पाकीट पाठवा. बघते खाऊन. आता काय, ते गाणारे नव्हतेच," आणि तरी फोन कुणी ठेवला नाही.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. बिस्किटवाल्याला माल वेळेवर मिळतो. माझं काम बारमाही झालं. शिलाईवालीची वाटी चालू आहे. रातकिड्यांचे शेवटचे दहा-बारा दिवस गेले, त्यांना कुणी विचारलं नाही. दादाला बायको मिळाली नाही, पण रविवारी बोलणारी बायको मिळाली, आणि तो शनिवारपासून कागदावर विषय लिहून ठेवतो. वहिनीची कामाची पाळी सोमवारी पहाटे सहाला सुरू होते. आठवड्यातून एकच रात्र तिला धड झोप लागायची, रविवारची. ती रात्र ती आता बोलण्यात घालते आणि सोमवारी तारवटलेल्या डोळ्यांनी म्हाताऱ्यांना उठवायला जाते. तोटा कुणाच्या वाट्याला, ते आता कळलं: तीन वर्षांच्या दीडशेच्या वर रात्री, सगळ्या तिच्या.