कुलपात ठेवलेला श्वास

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. भाजीची नव्हे, श्वासाची. दवाखान्यात मला अंबू बॅग म्हणतात. ज्याचा श्वास थांबला, त्याच्या तोंडानाकावर माझा मास्क धरायचा आणि मला दाबत राहायचं, एवढंच माझं काम.

औशाच्या एका रुग्णवाहिकेत मला सहा वर्षं झाली. अमरेश डॉक्टर मला मोजून, गप्प राहून दाबायचे. लुंबिनी सिस्टर दाबताना पेशंटला नावानं हाका मारायच्या. श्वास दोघांच्याही हातून सारखाच जायचा. तरी सिस्टर एकट्या असल्या की नातेवाईक विचारायचेच, "डॉक्टर न्हाईत का?" मला असा राग यायचा म्हणून सांगू.

मग माझ्या जोडीची दुसरी पिशवी हरवली आणि डॉक्टरांची चौकशी झाली. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्यांनी मला पत्र्याच्या पेटीत घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. आत अंधार, खाली रस्त्याचे खड्डे. दुसऱ्यांना श्वास देणारी मी, माझाच जीव घुसमटायचा.

त्या दुपारी डॉक्टर रजेवर होते. किल्लीही त्यांच्याबरोबर नांदेडला गेली होती. किल्लारीजवळ चांगुणाबाईंना सोयाबीन काढताना नाग चावला. गाडीत घेतलं तोवर त्यांच्या पापण्या मिटल्या होत्या. थोडं पुढे गेल्यावर नवरा नरसिंग म्हणाला, "बाई, हिची छाती हालंना की."

सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावला. "कुलूप तोडू नका. थांबा, वरिष्ठांना विचारतो," ते म्हणाले. मी आतून सगळं ऐकत होते. चांगुणाबाईंना थांबायला वेळ कुठे होता?

"खाजाभाई, पाना द्या," सिस्टर म्हणाल्या.

ड्रायव्हर खाजाभाईंनी गाडी थांबवली. "ताई, नोकरी जाईल तुमची."

"जाऊ द्या. बाई जाऊन राहिली."

तीन घावांत कडी तुटली. लातूर येईपर्यंत सिस्टर मला दाबत होत्या. हात भरून आले, तरी "चांगुणाबाई, चांगुणाबाई" चालूच होतं. तिसऱ्या दिवशी त्या बाईनं दवाखान्यात स्वतःचा श्वास घेतला. किती बरं वाटलं मला.

चौथ्या दिवशी डॉक्टर परतले. त्यांनी सिस्टरचे मनापासून आभार मानले, डोळेसुद्धा पुसले. मग पेटीला नवी कडी बसवून घेतली, मला आत ठेवून नवं कुलूप लावलं आणि किल्ली पुन्हा स्वतःच्या खिशात टाकली.

मित्रांनो, हे सगळं मी आतूनच सांगते आहे. जीव वाचवणाऱ्या वस्तू जरूर जपा, पण कुलपात नको. आत्ताच गाडी सुरू झाली आहे. सिस्टर एकट्याच आहेत.